ज्याचं रान, त्याला आधी

१९७२ च्या ऑगस्टमध्ये भांबळ सर कॉलेजच्या ऑफिसात आले आणि हस्तलिखिताचा एक गठ्ठा त्यांनी कडूबाई कळमकरच्या टेबलावर ठेवला. तिनं सवयीनं विचारलं, "किती प्रती?"

"मूळ एक, कार्बन तीन. घाई नाही. पण माझं अक्षर वाईट आहे. अडलं तर विचारा."

कडूबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. सुप्याजवळच्या एका गावातल्या सहादू औटींची मुलगी. आधीची दोन मुलं गेली म्हणून, दृष्ट लागू नये यासाठी, हिचं नाव कडू ठेवलेलं. मॅट्रिक झाल्यावर लग्न झालं. नवरा फौजेत होता, तो पासष्टच्या लढाईत गेला. वर्षभरानं सहादूंनी तिला सासरहून आणलं आणि तडक नगरला टायपिंगच्या क्लासात घातलं. केडगावात मावशी होती, रंगुबाई. तिच्याकडं राहायची सोय झाली. पुढं कॉलेजात नोकरी लागली. नोकरी करता करता तिनं बाहेरून बी.ए. केलं आणि आता राज्यशास्त्र घेऊन एम.ए.ला बसली होती. ऑफिसात तिला सगळे कळमकरबाई म्हणत. ती हुशार आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांच्या लेखी हुशारी म्हणजे इंग्रजी टायपिंगमध्ये चुका न होणं.

गठ्ठा उघडला तर विषय भलताच निघाला. अमेरिकेनं जुलैमध्ये एक उपग्रह सोडला होता. साडेपाचशे मैलांवरून तो पृथ्वीचे फोटो काढायचा. जंगलं, नद्या, पिकं, सगळं त्यात यायचं, आणि दर अठरा दिवसांनी तो त्याच जागेवर परत यायचा. सरांचा प्रश्न होता, दुसऱ्या देशाच्या जमिनीचे असे फोटो काढायचा हक्क कुणाला आहे का? अर्जेंटिनासारखे देश म्हणत होते की आमची जमीन, आमची परवानगी घ्या. अमेरिका म्हणत होती, अवकाश सगळ्यांना खुलं आहे. भारतानं परवानगीच्या बाजूनं उभं राहावं, असं सरांचं म्हणणं होतं. ते सिद्ध करायला त्यांनी नव्वद पानं लिहिली होती.

अकराव्या पानावर ती अडली. उठून राज्यशास्त्र विभागाच्या खोलीत गेली. सर एकटेच बसले होते.

"सर, शब्द कळला. पण अर्थ कळला नाही."

"कुठला?"

"सदुसष्टच्या अवकाश करारात लिहिलंय, अंतराळाचा वापर सगळ्या देशांच्या हितासाठी व्हावा. हित कुणी ठरवायचं?"

सरांनी चष्मा काढला. ते चाळिशीचे, उंच, थोडे पाठीत वाकलेले. सावेडीत दोन थोरल्या बहिणींबरोबर राहायचे, रविवारी चर्चला जायचे, लग्न केलं नव्हतं. वर्गात मुलं त्यांना घाबरत, कारण ते कधी हसत नसत. आता ते हसले.

"बसा," ते म्हणाले. "हा प्रश्न मला आजपर्यंत कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही."

त्या दिवशी ते अर्धा तास बोलले. पुढच्या शनिवारी दोन तास. शनिवारी दुपारी कॉलेज रिकामं व्हायचं, छगन शिपाई चहाची किटली आणून ठेवायचा आणि दार सताड उघडं ठेवून बाहेर बाकावर बसायचा. टेबलावर दिल्लीहून मागवलेली संयुक्त राष्ट्रांची कागदपत्रं पसरलेली असायची. कडूबाई टाइप केलेलं पान वाचून दाखवायची आणि मध्येच थांबायची. "इथं तुम्ही म्हणता एक आणि चौदाव्या पानावर म्हणता दुसरंच." सर चौदावं पान शोधायचे. कधी ती बरोबर असायची, कधी नसायची. ती चुकली असली तर का, ते तिला नीट समजावून सांगायचे. तिच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. नवरा चांगला होता, फौजेतून पत्रं लिहायचा, पण त्या पत्रांत तब्येतीची काळजी आणि बैलांची चौकशी असायची.

शनिवारची ती वाट बघायला लागली. बुधवारपासूनच.

"शनवारी कालेज सुटल्याव कसलं टायपिंग असतंया गं?" मावशीनं एकदा विचारलं.

"सरांचं पुस्तक हाय मावशी. मोठं काम हाय."

"काम मोठं असू दे. लोकांची तोंडं त्याच्यापेक्षा मोठी असत्यात."

त्या साली पाऊस धड झालाच नाही. सप्टेंबर सरला, हस्त नक्षत्रही कोरडं गेलं. नगरच्या रस्त्यांवरून बायकापोरं घेऊन माणसं दुष्काळी कामांवर जाताना दिसायला लागली. दिवाळीला कडूबाई गावी गेली तेव्हा एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना नुसती माती होती. शेतात ढेकूळसुद्धा नांगरलेलं नव्हतं. आई, चांगुणाबाई, घरी एकटीच होती. वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले होते. पंधरा एकरांचा धनी माणूस संध्याकाळी हाताला चिंध्या बांधून घरी आला.

जेवताना तिनं विचारलं, "खाली पेवात पुरलेली जुनी जवारी हुती की आबा. ती कुठं गेली?"

सहादूंनी पाण्याचा तांब्या पुढं ओढला. मग म्हणाले, "इकली."

"कवा?"

"भादव्यात. येक मानूस आल्ता फटफटीवर. नगरच्या कुन्या व्यापाऱ्याचा. चार दिस हिकडं हिंडत हुता. बाजरीची कनसं दाबून बघायचा, मातीत काडी खुपसून ओल बघायचा. आमाला वाटलं सरकारी हाय. मंग म्हनला, जुनी जवारी हाय का, रोख देतो. आमी म्हनलं, हस्ताचा पाऊस हाय अजून, नवी येईल. समद्या गावानं पेवं उकरली."

"आन् आता?"

"आता तीच जवारी दुप्पट भावानं नगरात मिळती."

"त्याला कसं कळलं आबा, पीक येनार न्हाई म्हनून?"

सहादूंनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "त्यानं चार तालुक्यातली ओल बघितलेली. आमाला आमचा येकच बांध दिसतो, बाई."

कडूबाईचा हात ताटातच राहिला. आई म्हणाली, "जेव की." तिला ऐकूही आलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपायच्या दोन दिवस आधीच ती नगरला परतली. शनिवार नव्हता, मंगळवार होता. सर वर्गातून यायची वाट बघत ती विभागाच्या दारात उभी राहिली.

"सर, तुमचं शेवटचं प्रकरण चुकलंय."

"बसा तरी."

ती बसली नाही. उभ्यानंच तिनं फटफटीवरच्या माणसाची सगळी गोष्ट सांगितली. मग म्हणाली, "फोटो काढायला बंदी घालून काय होणार? त्या माणसाला आमच्या गावानं अडवलं असतं तर त्यानं शेजारच्या गावाची ओल बघितली असती. बघणारा बघणारच. आता तर तो साडेपाचशे मैलांवरून बघतोय, चार तालुके नाही, सगळा देश. उद्या आपलं पीक बुडणार हे आपल्या आधी परदेशातल्या व्यापाऱ्याला कळेल, आणि तो भाव ठरवून बसेल. परवानगी मागून काय करता? ज्याचं रान, त्याला आधी कळलं पाहिजे. करारात ते यावं, असं लिहा."

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. कडूबाईला वाटलं, आपण मर्यादा सोडून बोललो.

"तीन वर्षं मी यावर वाचतोय," ते शेवटी म्हणाले. "सगळेजण हद्दीबद्दल लिहितात. आकाश कुणाचं, जमीन कुणाची. कळण्याला किंमत असते, आणि ती कधी कळलं यावर ठरते, हे कुणीच मांडलेलं नाही." ते वळले. "हे तुम्ही लिहायचं."

"मी?"

"मी लिहिलं तर ती चोरी होईल."

तिनं आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत. सरांनी लाल पेन्सिलीनं दुरुस्त केलं, तिनं पुन्हा लिहिलं. डिसेंबरभर हे चाललं. गव्हाच्या आणि तेलाच्या बाजारांची जुनी उदाहरणं तिनं कॉलेजच्या ग्रंथालयात शोधली. मार्केट यार्डात जाऊन एका म्हाताऱ्या हमालाला विचारलं की तार आणि टेलिफोन आल्यावर भाव कसे बदलायला लागले. सरांनी आपल्या नव्वद पानांपैकी साठ पानं बाजूला काढली. उरलेली तीस आणि तिची बावीस मिळून एक निबंध झाला. दिल्लीत मार्चमध्ये अवकाश कायद्यावर परिषद भरणार होती. तिथं तरुण संशोधकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांसाठी एक दिवस राखून ठेवला होता.

जानेवारीत शेवटची प्रत टाइप करताना पहिल्या पानावर ती थबकली. सरांच्या अक्षरात लेखकांची नावं होती. कडूबाई कळमकर, आणि खाली त्यांचं.

"सर, क्रम उलटा झालाय."

"क्रम बरोबर आहे."

"आणि नाव... कागदावर निदान के. कळमकर लिहू या का? कडूबाई वाचून दिल्लीतले लोक हसतील."

"हसू द्या. निबंध वाचून गप्प होतील."

फेब्रुवारीच्या शेवटी दिल्लीहून पत्र आलं. निबंध स्वीकारला होता. दोघांनाही बोलावणं होतं. पत्र वाचल्यापासून कडूबाईच्या डोळ्यांसमोर एकच दिसत होतं. गाडीच्या डब्यात समोरासमोर बसून दोन दिवस नुसतं बोलत जायचं. कुणी दार उघडं ठेवायला नको, कुणी बाकावर बसायला नको. पण शनिवारी सर म्हणाले, "मी येणार नाही."

तिनं पत्राची घडी घातली.

"मी आलो तर परत आल्यावर इथं कुणी निबंधाबद्दल विचारणार नाही. आपण बरोबर गेलो होतो एवढंच विचारतील." ते टेबलावरचे कागद सारखे करत होते. "वडिलांना घेऊन जा. निबंध तुम्ही वाचा."

म्हणून सहादू औटी दिल्लीला गेले. त्याआधी ते पुण्याच्या पुढं कधी गेले नव्हते. मनमाडला गाडी बदलून दोघं दिल्लीला उतरली ती धोतर, पागोटं आणि चांगुणाबाईनं दिलेल्या दशम्यांच्या गाठोड्यासकट. परिषदेच्या सभागृहात शेवटच्या रांगेत सहादू काठी गुडघ्यात धरून बसले. कडूबाईचा नंबर चौथा होता. व्यासपीठावर चढताना तिनं एकदा दाराकडं पाहिलं. सर येणार नाहीत हे माहीत होतं, तरी पाहिलं.

वाचताना पहिल्या दोन पानांत तिचा आवाज कापला. मग ती सावरली. वाचून झाल्यावर पुढच्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठले. इंग्रजीत म्हणाले, "मुद्दा नवा आहे. पण या चित्रांचा अर्थ लावायला तज्ज्ञ लागतात. खेड्यातल्या शेतकऱ्याला ती देऊन काय उपयोग?"

तिला उत्तर मराठीत सुचलं, आणि ते इंग्रजीत करायला थोडा वेळ लागला. सभागृह थांबलं होतं.

"मातीत काडी खुपसून ओल बघायला माझ्या वडिलांनाही येतं," ती म्हणाली. "त्यांच्याकडं फटफटी नव्हती, एवढंच. चित्र वाचणारा माणूस सरकारनं ठेवावा. पण त्यानं वाचलेलं बाजाराच्या आधी तालुक्याला पोचावं."

ते गृहस्थ उभेच राहिले. मग मान हलवून खाली बसले, आणि टाळ्या त्यांनीच सुरू केल्या.

संध्याकाळी निकाल लागला. पहिलं पारितोषिक त्यांच्या निबंधाला होतं, आणि परिषदेच्या संस्थेच्या नियतकालिकात तो छापून येणार होता. संस्थेच्या चिटणिसांनी तिला बाजूला बोलावून विचारलं की हाच विषय वाढवून त्यावर पुस्तिका लिहाल का, मदत संस्था देईल.

बाहेर पायऱ्यांवर सहादू म्हणाले, "तू काय बोल्लीस त्ये कळलं न्हाई मला. पर समदी मानसं गप झाली हुती."

"त्या फटफटीवाल्याचं सांगितलं आबा."

"त्याचं? हितं, दिल्लीत?" सहादू कितीतरी वेळ आपल्याशीच हसत राहिले.

तिला मात्र हे सगळं दुसऱ्याच माणसाला सांगायचं होतं. त्या गृहस्थांचे केस कसे होते, ते कसे उभे राहिले, आपला आवाज कुठं कापला. तारघरात जाऊन तिनं मजकूर लिहिला, "निबंध वाचला. पहिला आला. कळमकर." मग पेन तसंच कागदावर टेकवून ठेवलं. आणखी एक ओळ मनात होती. खिडकीतल्या कारकुनानं हात पुढं केला आणि तिनं कागद तसाच दिला.

नगरला परतल्यावर ती घरीही न थांबता कॉलेजात गेली. प्राचार्यांनी पेढे वाटले, सूचनाफलकावर तिचं नाव लागलं होतं. विभागात सर वाट बघत होते. त्यांनी सगळं विचारलं, अगदी पायऱ्या किती होत्या इथपर्यंत. तिनं सगळं सांगितलं. सांगून झालं तेव्हा छगननं आणलेला चहा गार झाला होता.

मग सरांनी टेबलावरचं एक परदेशी पाकीट तिच्याकडं सरकवलं. कॅनडातल्या माँट्रियलच्या विद्यापीठात अवकाश कायद्याचा विभाग होता. तिथं त्यांनी दोन वर्षांपूर्वी अर्ज केला होता. आता शिकवायला बोलावणं आलं होतं, ऑगस्टपासून.

"तुम्ही जाणार," ती म्हणाली.

"अजून उत्तर दिलेलं नाही."

तिला वाटलं, ते आणखी काही बोलतील. त्यांना वाटलं असावं, ती काही बोलेल. बाहेर छगन कुणाशी तरी दुष्काळी कामावर खायला वाटतात त्या सुकडीबद्दल बोलत होता, तेवढाच आवाज येत होता.

"जायला हवं सर," शेवटी तीच म्हणाली. "असा विभाग आपल्याकडं कुठं आहे?"

होकाराचं पत्र तिनंच टाइप केलं. इतक्या वर्षांत कधी झाली नव्हती ती चूक त्या पत्रात झाली. तारखेत तिनं मागचं साल घातलं. कागद काढून तिनं पत्र पुन्हा टाइप केलं.

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला. ऑगस्टमध्ये नगरभोवतीची माळरानं हिरवी झाली होती. शेवटच्या दिवशी सरांनी अवकाश कायद्याची सगळी कागदपत्रं दोऱ्यानं बांधून तिच्या टेबलावर आणून ठेवली. दारापर्यंत गेले आणि मागं वळले.

"कळमकरबाई, मी..."

तिनं टायपिंग थांबवलं. बोटं तशीच अधांतरी राहिली.

"कपाटाची किल्ली छगनकडं ठेवलीय," ते म्हणाले, आणि गेले.

त्यानंतरचे शनिवार तिला जड गेले. विभागात नवे प्राध्यापक आले, ते सज्जन होते, पण त्यांना वर्गातल्या नोट्सपुरतंच टायपिंग लागायचं. नियतकालिकात निबंध छापून आला. तिनं तो नगरमध्ये चौघांना दाखवला, चौघांनी नाव वाचून कौतुक केलं, आत कुणी वाचलं नाही. बोलावंसं खूप काही साचायचं. मॉस्कोनं अमुक म्हटलं, ब्राझीलनं तमुक म्हटलं, हे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात वाचून ती मान वर करायची आणि समोर ऑफिसचे हिशेबनीस फाइल चाळत असायचे. ती पत्रं लिहायची. माँट्रियलहून उत्तरं यायची, बारीक अक्षरात, निळ्या कागदावर. त्यांत कलमं, मसुदे, मतभेद. शेवटी बर्फाबद्दल एखादी ओळ.

१९७४ च्या फेब्रुवारीत एक मोठं, चपटं पार्सल आलं. आत दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवलेला एक काळापांढरा फोटो होता, हात-दीड हात लांबीरुंदीचा. सरांनी लिहिलं होतं की अमेरिकेत हे फोटो विकत मिळतात, कुणालाही. त्यांनी आपल्या भागाचा मागवला.

कडूबाईनं तो खिडकीजवळ नेला. आधी काहीच कळेना. मग एक काळी, फाटे फुटलेली आकृती दिसली, ते मुळा धरणाचं पाणी. नदीची रेघ सापडली. मग धुरकट डाग, नगर. तिथून नैर्ऋत्येला बोट सरकवत ती सुप्यापर्यंत गेली. तिथं सगळं फिकट होतं. फिकट म्हणजे कोरडं, एवढं तिला आता वाचता येत होतं. गाव दिसत नव्हतं. आबांचा बांध दिसणं तर शक्यच नव्हतं.

खालच्या कडेला बारीक अक्षरात तारीख होती. १० जानेवारी १९७३. सकाळची वेळ.

ती तारीख तिला आठवायची गरज नव्हती. तो बुधवार होता. त्या सकाळी तिनं ऑफिसमधून तासाभराची सवड काढली होती आणि विभागात सरांच्या समोर बसून निबंधाचं शेवटचं पान तिसऱ्यांदा वाचलं होतं. सर म्हणाले होते, "आता एक शब्दही हलवू नका." म्हणजे हा फोटो निघाला तेव्हा ती दोघं त्या धुरकट डागात होती. एका खोलीत, एका टेबलाशी. तिनं फोटो पुठ्ठ्यात घातला, परत काढला, परत पाहिला. त्या रात्री मावशीनं विचारलं, डोळे का लाल झालेत, तर म्हणाली, बारीक अक्षर वाचून.

महिन्याभरानं आलेल्या पत्रात वेगळा मजकूर होता. माँट्रियलमध्ये एका परदेशी विद्यार्थ्यासाठी शिष्यवृत्ती होती. "मी तुमचं नाव सुचवलं आहे. त्यांनी निबंध वाचला आहे. तुम्ही याल का?"

तिनं ते पत्र चार दिवस पिशवीत बाळगलं. पाचव्या दिवशी, ऑफिस सुटल्यावर, टाइप न करता हातानं उत्तर लिहिलं. नमस्कार, प्रकृती, आभार, सगळं रीतसर. शेवटी लिहिलं, "सर, मी आले तर तिथं तुमची कोण म्हणून येईन, हे मला कळायला हवं."

उत्तर यायला सात आठवडे लागले. रोज सकाळी टपाल आलं की ती आधी उठायची नाही. बाकीच्यांची पत्रं वाटून होऊ द्यायची, मगच बघायची. आलं तेव्हा पत्र छोटं होतं.

"या प्रश्नाचं उत्तर मी नगर सोडण्याआधी द्यायला हवं होतं. दारापर्यंत आलोही होतो. विद्यार्थिनी म्हणून या, एवढंच मला लिहिता येतंय. बाकीचं लिहायला बसलो की माझ्या बहिणी, चर्च, तुमचे वडील, सगळे टेबलाभोवती येऊन उभे राहतात. मला क्षमा करा. मी भित्रा माणूस आहे."

त्या रविवारी ती गावी गेली. सहादू मळ्यात पिकाला पाणी देत होते. बांधावर बसून तिनं त्यांना शिष्यवृत्तीचं सांगितलं. एवढंच सांगितलं, पण सहादूंनी तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. खोरं खाली ठेवलं.

"त्यो मास्तर चांगला मानूस हुता," ते म्हणाले. "तू म्हनली असतीस तर मी आडवा आलो नसतो."

"आबा, तसं काय न्हाई."

"बरं," सहादू म्हणाले, आणि पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायला उठले.

ती बांधावर कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. ज्या माणसाच्या भीतीनं सातासमुद्रापलीकडं कुणीतरी पेन खाली ठेवलं होतं, तो माणूस तिच्यासमोर गुडघाभर चिखलात उभा होता आणि त्याच्या मनात कसलाच अडसर नव्हता. हे सरांना लिहून कळवावं असं तिला वाटलं. मग वाटलं, कळवून काय करायचं? कुणी भीती काढून टाकली म्हणून धीर येईल, असं थोडंच असतं? आणि पुढाकार एकदा तिनं घेतला होता. दुसऱ्यांदा तिला घ्यायचा नव्हता.

तिनं उत्तर पाठवलं. विद्यार्थिनी व्हायला तिला पुणे विद्यापीठही पुरेसं आहे, दिल्लीच्या संस्थेची पुस्तिका पुरी करायची आहे, एम.ए.चं दुसरं वर्ष आहे. पत्रव्यवहार मात्र थांबवू नये. कलमांबद्दल बोलायला तिला इथं दुसरं कुणी नाही.

पत्रव्यवहार थांबला नाही. दर महिन्याला निळा कागद यायचा. पुस्तिकेचं प्रत्येक प्रकरण माँट्रियलला जाऊन लाल पेन्सिलीच्या खुणा घेऊन यायचं. काही खुणा ती मानायची, काही खोडायची आणि का ते लिहायची. त्या वर्षी ती एम.ए. झाली, विद्यापीठात दुसरी आली. प्राचार्यांनी जूनपासून तिला राज्यशास्त्राचे चार तास शिकवायला दिले. पहिल्या दिवशी हजेरी घेताना मागच्या बाकावरचा एकजण "कडूबाई" म्हणून हळूच हसला. तिनं त्याला उभं केलं आणि विचारलं, आकाश कुणाच्या मालकीचं आहे? तो म्हणाला, कुणाच्याच नाही. "मग तिथून तुझ्या बापाचं शेत कुणी बघितलं तर?" पूर्ण तास त्याच्यावरच गेला. तास संपल्यावर तोच मुलगा टेबलापाशी येऊन म्हणाला, "बाई, याच्यावर वाचायला काय मिळेल?"

पुस्तिका डिसेंबरमध्ये पुरी झाली. एकशे दहा पानं. मुखपृष्ठावर नाव एकटीचं होतं. सरांनीच तसं बजावलं होतं. फक्त आभाराचं पान राहिलं होतं, ते तिनं शनिवारी दुपारी टाइप करायला घेतलं. संस्थेचे आभार झाले, ग्रंथालयाचे झाले. मार्केट यार्डातल्या हमालाचे आणि वडिलांचे झाले. मग प्रा. भांबळ यांच्या नावाआधी काय लिहायचं, यावर ती थांबली.

माझे शिक्षक, असं टाइप केलं. खरं होतं. पण पुरं नव्हतं. कागद काढला. दुसऱ्या कागदावर लिहिलं, माझे सहलेखक. तेही काढलं. स्नेही हा शब्द तिनं टाइपच केला नाही, नुसता मनात म्हणून पाहिला, आणि तो तिला फार लहान वाटला. दुसरा एक शब्द होता, पण तो वापरायचा हक्क तिला कुणी दिला नव्हता.

बाहेर छगननं चहा झाल्याची हाक दिली.

तिनं नवा कागद घातला, नुसतं नाव टाइप केलं आणि ओळ तिथंच संपवली.